आरशाची भिंत

मायदेवांच्या नव्या फ्लॅटमध्ये आरशाची भिंत उभी राहिली आणि काचवाले आपली शिडी उचलून गेले, तेव्हा हेमलताबाई केरसुणी घेऊन हॉलमध्ये आल्या आणि चांगल्याच दचकल्या. समोर एक विस्कटलेल्या केसांची, पदर खोचलेली बाई केरसुणी उगारून उभी! "अगं बाई, ही मी?" म्हणत त्यांनी आधी केस सारखे केले, मग खोचलेला पदर सोडला, आणि या सगळ्यात केर काढायचा राहूनच गेला.

"कसं वाटतंय, आई?" उत्तरानं विचारलं. उत्तरा ही त्यांची धाकटी. साउथ एक्स्टेन्शनच्या एका संस्थेत इंटिरियर डिझाइनचा कोर्स करत होती, आणि नव्या घराच्या निमित्तानं तिला घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं होतं.

"छान आहे गं. पण एवढा मोठा कशाला? तोंडच बघायचं ना?"

"यार आई! तोंड बघायला नाही लावत हा. स्पेस डबल दिसते, लाइट डबल होतो. बघ ना, बिल्कुल हॉटेल वाटतंय की नाही?"

हॉटेल वाटत होतं, हे अगदी खरं. आता राहत्या घरात हॉटेलात उतरल्यासारखं वाटावं ही कसली हौस, ते हेमलताबाईंना कळेना. पण पोरीनं चार महिने नकाशे काढले होते, काचवाल्यांशी हुज्जत घातली होती. तिचा हिरमोड कोण करणार?

साल सत्त्याण्णव. दिल्लीत तेव्हा आरशांचं खूळच शिरलं होतं. टीव्हीवर चॅनलांचा पूर आला होता आणि त्या चॅनलांवरच्या मालिकांमधली घरं बघून लोकांना एकाएकी आपापली घरं लहान वाटायला लागली होती. ज्याला त्याला फॉल्स सीलिंग हवं, ज्याला त्याला संगमरवर हवा, आणि जे काही परवडणार नाही ते आरशात दुप्पट करून घ्यायचं! सूर्यकांत मायदेव त्याच वर्षी मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. आर. के. पुरमचा सरकारी क्वार्टर सोडावा लागला आणि दसरा झाल्यावर सगळं बिऱ्हाड सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलं. जागेचं नाव कागदोपत्री द्वारका. ऑटोवाले मात्र पप्पनकलाँच म्हणत, आणि ते नाव ऐकलं की "उधर से सवारी नहीं मिलती" म्हणून मान फिरवत. आजूबाजूला मोकळं रान, अर्धवट बांधलेल्या इमारती, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा टँकर. घर मात्र नवंकोरं, स्वतःचं. गच्चीवरच्या टाकीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं आपलं, सरकारचं काही नाही.

त्या संध्याकाळी सूर्यकांतराव भाजीची पिशवी घेऊन वर आले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकतात तो समोरून एक वयस्कर, टक्कल पडलेले, सभ्य गृहस्थ हातात पिशवी घेऊन त्यांच्याकडेच येताहेत.

"आइए, आइए! बैठिए ना," सूर्यकांतराव अदबीनं म्हणाले आणि आत वळून, "अगं, पाणी आण. कोणीतरी आलंय."

उत्तरा हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. सुधन्वाला, म्हणजे थोरल्या मुलालाही हसू आवरलं नाही. त्यानं तोंडावर हात धरला खरा, पण आरशाच्या भिंतीत तो हातही दिसला आणि हातामागचं हसूही दिसलं. सूर्यकांतरावांनी ते पाहिलं. पिशवी ओट्यावर ठेवली आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. एरवी असल्या फजितीवर ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले असते. मुलीच्या हसण्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. लागलं होतं ते मुलाचं हसणं, आणि का लागलं ते समजायला जरा मागे जायला हवं.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्येही एक आरसा होता. हातभर लांब, वीतभर रुंद, लाकडी चौकटीचा. सुधन्वा अंगावर पीत होता तेव्हा, क्वार्टर मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, हेमलताबाईंनी सरोजिनी नगरच्या बाजारातून तो घासाघीस करून आणला होता. क्वार्टरचं बाथरूम म्हणजे अंधारकोठडी. त्यात दाढी करायची म्हणजे गाल कापून घ्यायचा. म्हणून आरसा लागला तो बाहेरच्या दाराशेजारी, खिडकीसमोर, जिथे सकाळचं ऊन सरळ तोंडावर यायचं. मागे खिडकीखाली चपलांचं स्टूल, डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. बस, एवढीच सजावट. त्या घरात भिंतींना पांढरा डिस्टेंपर होता, खिडक्यांना पानिपतहून आणलेले जाडजूड पडदे होते, आणि ते पडदे दाखवताना सूर्यकांतराव प्रत्येक पाहुण्याला न चुकता सांगत, "मराठी माणूस पानिपतला जाऊन जिंकून परत आला, त्याचा हा पुरावा!" पाहुणे हसत. हेमलताबाई कपाळाला हात लावत.

तर रोज सकाळी सूर्यकांतराव त्या आरशासमोर उभे राहून दाढी करत, आणि सुधन्वा त्यांच्या मागे स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत असे. शाळेत जाणारा सुधन्वा, मग कॉलेजात जाणारा, मग नोकरीवर जाणारा. नाडी बांधून झाली की तो उभा राही, आरशात त्याचा चेहरा बापाच्या चेहऱ्यामागे येई, आणि फेसानं माखलेल्या तोंडानं सूर्यकांतराव विचारत:

"रुमाल?"

"घेतला."

"हं."

झालं! बाप-लेकाचा दिवसभराचा संवाद एवढाच. समोरासमोर बसून त्या दोघांना कधी धड बोलता आलं नाही. बाप चारचौघांत विनोद करणारा, पण पोराशी सरकारी टिपणीसारखं मोजकं बोलणारा, आणि पोरगा त्याच्यावर गेलेला. पण त्या वीतभर काचेत दोघांची नजर रोज एकदा भेटायची. स्वयंपाकघराच्या दारातून हेमलताबाईंना ते दिसायचं. त्यांना पोराचा चेहरा वाचायला तेवढं पुरायचं. आज पेपर आहे, आज पोटात गोळा आलाय, आज कुणाशी तरी भांडून निघालाय. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं. त्या कधीच मारत नसत. आरसा असल्यावर हाक मारायची गरजच पडत नसे.

मग ती कटकट झाली. सुधन्वानं आयएएसची परीक्षा द्यावी, हे सूर्यकांतरावांच्या मनात तो पाळण्यात होता तेव्हापासून. आयुष्यभर ज्या साहेबांच्या फायली पुढे केल्या, त्यांच्या खुर्चीत आपला मुलगा बसावा. यात काय चूक होतं? दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या पाहुणेघराच्या कँटीनमध्ये गावाकडून आलेली पोरं परीक्षेचा अभ्यास करत, झुणका-भाकर खात बसलेली दिसत. सूर्यकांतराव सुधन्वाला मुद्दाम तिथे नेत. "बघ, ही पोरं कुठून कुठे आलीत." सुधन्वा खाली मान घालून झुणका खायचा. एकदा मेन्सपर्यंत गेला, तिथे आपटला, आणि दुसऱ्या खेपेला फॉर्मच भरला नाही. नोएडाच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी धरली.

"तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लंय या घरानं," सूर्यकांतराव म्हणाले. "आणि तू दुकानदारांच्या नोकरीला चाललास?"

"तुम्हाला माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी हवंय ते," सुधन्वा म्हणाला.

बोलू नये ते बोलून गेला. सूर्यकांतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखी शांतता. तिसऱ्या दिवशी सकाळी सुधन्वा नाडी बांधून उठला. हेमलताबाई श्वास रोखून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आरशात एक फेसाचा चेहरा आणि मागे एक पडलेला चेहरा.

"रुमाल?"

"घेतला."

"हं."

हेमलताबाईंनी तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती. भांडण मिटलं नव्हतं, दोघांपैकी कोणी माफी मागितली नव्हती, पण घर चालू राहिलं होतं.

आणि तोच आरसा हेमलताबाईंनी आपल्या हातानं मागे ठेवला! सुधन्वानं लहानपणी घरात चेंडू मारून त्याचा एक कोपरा फोडला होता. जुन्या घरात कुणी मनावर घेतलं नाही, पण नव्या घरात फुटका आरसा घेऊन शिरायचं म्हणजे काय? त्यांच्या मनाला ते पटेना. सूर्यकांतराव म्हणालेही, "अगं, राहू दे ना, सवयीचा आहे."

"वास्तुशांतीला फुटकी काच? मुळीच नाही."

"तुझं एक एक शास्त्र! फुटका आरसा नको, मागून हाक नको, रुमाल भेट देऊ नको, ताटातूट होते." निरोप समारंभात ऑफिसनं दिलेला रुमालांचा डबा अजून ताजा होता. हेमलताबाईंनी देणाऱ्या शिपायाच्या हातावर नाणं ठेवायला लावलं होतं, म्हणजे भेट न राहता तो विकत घेतल्यासारखा झाला. सूर्यकांतराव त्यावर आठवडाभर हसत होते.

आरसा खिळ्यावर तसाच राहिला. ट्रक निघाला.

नव्या घरात काय, सुखच सुख! दोन बाथरूम, दोन्हींत पांढऱ्या फरश्या, गीझर आणि बेसिनवर ट्यूबलाइटचा आरसा. सूर्यकांतराव आता आतल्या बाथरूममध्ये दार लावून दाढी करत. सुधन्वा दुसऱ्या बाथरूममध्ये आवरत असे. चपलांचं स्टूल उत्तरानं बाल्कनीत हलवलं होतं, कारण आरशाच्या भिंतीत चपला दिसल्या तर सगळा इफेक्टच जातो म्हणे. सुधन्वा बाल्कनीत बूट चढवायचा, नोएडा लांब म्हणून पहाटेच निघायचा, आणि बापाच्या बाथरूमच्या बंद दारावरून जाताना क्षणभर थांबून पुढे जायचा. हे थांबणं हेमलताबाईंनी पाहिलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांना ते कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कळलं, तेव्हा हातातलं पीठ तसंच राहिलं. या घरात आल्यापासून कुणी रुमाल विचारला नव्हता.

दिवाळी गेली आणि बातमी आली. सुधन्वाला त्याची कंपनी अमेरिकेला पाठवत होती. दोन हजार साल उगवलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार होते म्हणे, आणि ते ठीक करायला हिंदुस्थानातली पोरं हवी होती. सुधन्वानं हे आईला सांगितलं. आईनं रात्रीच्या जेवणात वडिलांपुढे वाढलं.

"बरं," सूर्यकांतराव म्हणाले आणि आमटीची वाटी तोंडाला लावली.

"किती दिवसांसाठी ते तरी विचारा!"

"ठरवलंय ना त्यानं? मग बरं."

समोरच्या भिंतीत चौघंही दिसत होती. जेवणाचं टेबल दुप्पट, दिवे दुप्पट, ताटं दुप्पट, आणि गप्प बसलेली माणसं आठ. हेमलताबाईंना वाटलं, उठावं आणि त्या आरशावर चादर टाकावी.

पोरगा सातासमुद्रापार चालला होता. कधी येईल, येईल की नाही, तिथलाच होऊन बसेल, देव जाणे. हे सगळं त्यांना सोसलं असतं. पण बापाशी एक शब्द न बोलता गेला, तर ते दोघं उरलेलं आयुष्य तसंच काढतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला त्या चांगल्या ओळखत होत्या. फोनवर तर ते इन्कम टॅक्सवाल्याशी बोलल्यासारखं बोलत. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, दोघांची नजर भेटायला हवी होती.

एका दुपारी कुणाला न सांगता त्या बस धरून आर. के. पुरमला गेल्या. तोच रस्ता, तेच कडुनिंब, तोच मदर डेअरीचा बूथ, जिथे सुधन्वा लहानपणी टोकन टाकून दूध घ्यायचा आणि अर्धं जिन्यात सांडायचा. जिन्यात अजून तोच वास, कुणाच्या तरी फोडणीचा आणि ओल्या चुन्याचा. माणूस एवढी वर्षं एका जिन्यानं चढतो-उतरतो, आणि एक दिवस त्याच जिन्यात पाहुणा होतो.

दार उघडलं ते सुमित्रा मोहंतीनं. भुवनेश्वरहून बदली होऊन आलेलं कुटुंब, किल्ल्या देताना एकदा भेट झाली होती. "अरे, आंटी! आइए ना, आइए."

आरसा तिथेच होता. त्याच खिळ्यावर, त्याच उन्हात. चौकटीला सुमित्राच्या लाल टिकल्या चिकटवलेल्या. सुमित्राची शाळकरी मुलगी आरशासमोर वेणी घालत होती आणि मान न वळवता, आरशातूनच, स्वयंपाकघरातल्या आईशी कसलासा वाद घालत होती. उडियातला एक शब्द हेमलताबाईंना कळला नाही, पण सगळं कळलं.

"आंटी, यह शीशा आपने बहुत सही जगह लगाया था," चहा देत सुमित्रा म्हणाली. "रसोई से सबका मुँह दिखता है."

"कोना टूटा हुआ है उसका," हेमलताबाई कशाबशा म्हणाल्या.

"कोना ही तो है."

काय मागणार? कोणत्या तोंडानं मागणार? चहा पिऊन, मुलीच्या हातावर खाऊ ठेवून त्या खाली उतरल्या. येताना सरोजिनी नगरला शिरून त्यांनी तसाच एक लाकडी चौकटीचा आरसा घेतला, घरी येऊन दाराशेजारी टांगला. तर काय, तिथे खिडकीच नव्हती. काचेत नुसता काळोख दिसत होता.

"आई, ये क्या है?" उत्तरा कोर्सवरून आली ती ओरडलीच. "सगळी थीम बिघडली यार! आणि इथे तुला दिसणार काय? आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आरसा लावताना आरशाकडे बघायचंच नाही. त्याच्यासमोर काय येतं ते बघायचं. समोर कचरा असेल तर कचरा डबल होतो, आणि समोर चांगलं काही असेल तर..."

"तर?"

"तर ते डबल होतं. सिंपल!"

हेमलताबाई आरसा खिळ्यावरून काढता काढता थांबल्या. मग वळून त्यांनी हॉलमधल्या त्या भल्याथोरल्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. भिंत दाराच्या बरोबर समोर होती. बाल्कनीतून सकाळचं ऊन सगळं त्याच भिंतीवर यायचं. त्यात सोफा दिसत होता, टेबल दिसत होतं, काचेची फळं दिसत होती. "चांगलं काही" म्हणजे काय, याचा विचार मात्र उत्तराच्या सरांनी केलेला दिसत नव्हता.

फेब्रुवारी उजाडला. सुधन्वा सकाळच्या विमानानं मुंबईला आणि तिथून पुढे जाणार होता. विमानतळावर उत्तरा जाणार होती. सूर्यकांतरावांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "सामान आणि सगळी माणसं टॅक्सीत मावायची नाहीत. मी घरीच बरा."

त्या दिवशी हेमलताबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. आतल्या बाथरूममध्ये गेल्या, फरशी साफ करायची अ‍ॅसिडची बाटली उघडली आणि सढळ हातानं सगळीकडे ओतली. वास नुसता नाकात झोंबत होता. दार ओढून घेतलं. बाल्कनीतलं चपलांचं स्टूल उचलून हॉलमध्ये आणलं, सुधन्वाचे नवे बूट त्यावर ठेवले. टीपॉय सरकवून आरशाच्या भिंतीला लावला. त्यावर गरम पाण्याचा मग, साबणाची वाटी, ब्रश, वस्तरा.

सूर्यकांतराव टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि खोकत मागे फिरले. "हे काय?"

"अ‍ॅसिड टाकलंय. तासभर आत जाऊ नका."

"आज? आजच सुचलं तुला?"

"फरशा पिवळ्या पडल्यात. आणि दुसऱ्या बाथरूममध्ये उत्तरा शिरलीय, ती काही लवकर निघायची नाही. दाढी इथे मांडलीय."

"हॉलमध्ये? अगं, ही काय केशकर्तनालयाची..."

"अहो, बसा ना गुपचूप!" हेमलताबाई अशा काही कडाडल्या की अंडर सेक्रेटरीसाहेब मुकाट्यानं आरशासमोर जाऊन उभे राहिले. ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी ब्रश फिरवायला सुरुवात केली.

सुधन्वा बॅग घेऊन बाहेर आला. बाल्कनीकडे निघालेला, तो स्टूल पाहून थबकला. मग भिंतीसमोर फेसानं माखलेला बाप पाहिला, स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई पाहिली. तो स्टुलावर बसला आणि नाडी बांधायला लागला. खूप वेळ बांधत होता. हेमलताबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली होती. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. उत्तरा दोन बॅगा ओढत "दादा, मी पुढे होते, चलो" म्हणत जिन्यानं उतरली.

सुधन्वा उठला. हेमलताबाईंनी त्याच्या तळहातावर दही घातलं, त्यानं ते चाटलं, वाकून पाया पडला. मग तो वडिलांकडे वळला, त्यांच्या पाठीमागून खाली वाकला. सूर्यकांतरावांनी वस्तऱ्याचा हात बाजूला केला आणि आरशात बघतच "हं" म्हणाले. बस. सुधन्वा उभा राहिला. आरशात दोन चेहरे, एकामागे एक, फार दिवसांनी. विचारा ना, हेमलताबाई मनात म्हणत होत्या. अहो, एवढंच विचारा. सूर्यकांतरावांचे ओठ फेसात हलल्यासारखे वाटले. पण आवाज फुटला नाही. ज्या माणसानं मुलाला "बरं" म्हणून वाटेला लावलं होतं, त्याला आता रुमाल विचारायचीही चोरी झाली होती.

"येतो, आई," सुधन्वा म्हणाला, बॅग उचलली आणि दाराकडे निघाला.

त्याची पाठ आरशात लांब लांब जात होती. मागून हाक मारायची नाही. हेमलताबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं, त्या भल्यामोठ्या आरशात अगदी स्वच्छ दिसलं: सुधन्वाच्या पँटच्या मागच्या खिशातून रुमालाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. घडी घातलेला, इस्त्रीचा रुमाल. आर. के. पुरमच्या आरशात हे दिसलं नसतं, त्यात फक्त तोंडं मावायची. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सूर्यकांतरावांचा वस्तरा हवेतच थांबला होता आणि नजर त्याच पांढऱ्या टोकावर होती.

सुधन्वानं कडीला हात लावला. थांबला. मग वळून आरशातल्या बापाकडे बघत म्हणाला,

"बाबा, रुमाल विसरलो."

सूर्यकांतराव जन्मभर लोकांच्या टिपणीतल्या चुका काढत आले. खोटं बोललेलं त्यांना मैलावरून कळायचं आणि कळलं की ते तिथल्या तिथे सांगितल्याशिवाय राहत नसत. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर फेस तसाच. खोलीत गेले, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते ऑफिसनं दिलेल्या डब्यातला एक नवा रुमाल घेऊन.

"अहो..." हेमलताबाईंच्या तोंडून निघालंच. रुमाल द्यायचा नसतो. जाणाऱ्या माणसाला तर नाहीच नाही.

"ठाऊक आहे मला तुझं शास्त्र," सूर्यकांतराव म्हणाले. ते सुधन्वासमोर जाऊन उभे राहिले. मध्ये आरसा नव्हता. दोघांनाही कुठे बघावं ते कळेना, पण बघितलं. "हा देत नाहीये मी. वापरायला देतोय. धुऊन परत आणून द्यायचा. टपालानं नाही चालणार. स्वतः आणायचा."

सुधन्वानं रुमाल घेतला. त्यानं मान हलवली, मग वडिलांच्या गालावरचा थोडा फेस त्याच्या शर्टाला कधी लागला ते दोघांनाही कळलं नाही.

"आणतो, बाबा."

"हं. जा आता, टॅक्सीवाला बोंबलतोय."

पावलं जिन्यानं खाली गेली. गाडीचं दार वाजलं. सूर्यकांतराव परत भिंतीसमोर येऊन उभे राहिले, वस्तरा उचलला, आणि गालाला न लावता नुसते उभे राहिले. आरशात दार उघडंच दिसत होतं.

"पाणी गार झालं गं," थोड्या वेळानं ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जरा गरम दे. आणि ते स्टूल असू दे तिथेच, उत्तरा काही बोलली तर मला सांग."

हेमलताबाई पाण्याचा मग उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस पेटवला.